15 ऑक्टोबर आणि जे. आर. डी. टाटा यांचे वैमानिकपण

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून सोलापूर–मुंबई विमानसेवा 15 ऑक्टोबर 2025 रोजी सुरू झाली. ही तारीख मुद्दाम निवडली की आपोआप जुळून आली, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण 1932 साली याच तारखेला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन मुंबईकडे झेपावले आणि भारतीय नागरी विमानवाहतुकीचा पाया घातला गेला, एवढे तरी सोलापूरच्या प्रवाशाला ठाऊक असावे. उद्योगपती म्हणून त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की वैमानिक म्हणून त्यांचे कसब नेमके कशात होते, हे मागेच पडते. ते कसरतींत नव्हते; हिशेबात, पूर्वतयारीत आणि वेळ पाळण्यात होते.

29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींची आई फ्रेंच होती. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आर्देलो गावी कुटुंबाच्या सुट्ट्या जात, आणि इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा लुई ब्लेरिओ तिथे त्यांचा शेजारी होता. पंधराव्या वर्षी जेआरडी तिथेच पहिल्यांदा विमानात बसले. प्रत्यक्ष शिकण्याचा योग मात्र मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाल्यावर आला. पावणेचार तासांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवले, आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी हाती पडलेल्या परवान्यावर क्रमांक होता 1.

मे 1930 मध्ये, म्हणजे इकडे सोलापुरात गोळीबार होऊन लष्करी कायदा पुकारला गेला त्याच महिन्यात, ते आगाखान पारितोषिकासाठी कराचीहून इंग्लंडकडे एकटेच निघाले होते. इंग्लंड आणि भारत यांमधले अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ते पारितोषिक होते. उलट दिशेने येणारे तरुण अस्पी इंजिनिअर इजिप्तमधील अबुकीर येथे स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेले त्यांना भेटले. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग देऊन टाकला आणि अस्पींनी थोडक्या फरकाने बाजी मारली. पुढे अस्पी भारताचे हवाई दलप्रमुख झाले. ही गोष्ट जेआरडींच्या दिलदारपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण देण्यासाठी मुळात जादा प्लग जवळ असावा लागतो, आणि तो कोणी बाळगला होता, हेही त्या गोष्टीतच दिसते.

1932 च्या उड्डाणामागची कल्पना दक्षिण आफ्रिकेचे वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांची. लंडनहून इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमानकंपनीचे टपाल कराचीपर्यंत येई. तिथून ते अहमदाबाद, मुंबई आणि बेल्लारीमार्गे मद्रासला पोचवायचे, अशी योजना होती. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीतील द्रिघ रोडच्या धावपट्टीवरून निघालेले पुस मॉथ हे छोटे विमान दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले, आणि पुढचा पल्ला व्हिन्सेंट यांनी घेतला. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवरून वाट दाखवणारी यंत्रणाही नव्हती. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र आणि हाताशी घड्याळ. वेगाला वेळेने गुणून अंतर काढायचे, वाऱ्याने विमान किती बाजूला ढकलले याचा अंदाज घेऊन दिशा सुधारायची, आणि खाली अपेक्षित नदी किंवा रेल्वेमार्ग अपेक्षित मिनिटाला दिसतो का, ते पाहायचे. आठवड्यातून एकदा हे साधणे वेगळे आणि पावसाळा धरून वर्षभर वेळापत्रकाप्रमाणे साधणे वेगळे. जुहूचा मैदानी तळ पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या काळात विमाने पुण्याहून ये-जा करत. तरीही पहिल्या वर्षातील या सेवेच्या वक्तशीरपणाची नागरी विमान खात्याने प्रशंसा केली. मुंबई–बेल्लारी ही हवाई वाट सोलापूरच्या बरीच पश्चिमेकडून जात असल्यामुळे गिरण्यांच्या या गावाचे टपाल रेल्वेनेच येत राहिले.

पुढचा इतिहास परिचित आहे. 1946 मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली, 1948 मध्ये लंडनची सेवा सुरू झाली, 1953 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी 1978 मध्ये दूर केले जाईपर्यंत अध्यक्षपदी जेआरडीच होते. विमानातील पडदे आणि चहा-कॉफीचा रंग इथपर्यंत त्यांच्या टिपणांची मजल जाई. हाताखालच्यांना ते कधी कधी जाचक वाटले असणार. 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी कराची–मुंबई हे अंतर लहान विमानाने पुन्हा एकदा पार केले.

त्यांच्या कसबाचा एक पैलू मात्र क्वचित सांगितला जातो, तो म्हणजे नकार देण्याचा. 1949 मध्ये सरकारने नागपूर केंद्र धरून रात्रीची टपालसेवा सुरू केली, तेव्हा रात्रीच्या उड्डाणाला लागणारी साधने जमिनीवर पुरेशी नाहीत, अशी हरकत जेआरडींनी घेतली होती. विमान सुरक्षित राहते ते वैमानिकाच्या हातावर जेवढे, तेवढेच तळाच्या सोयींवर आणि धावपट्टीकडे येणारी वाट मोकळी असण्यावर. सोलापुरात हे कुणाला निराळे समजावून द्यावे लागत नाही, कारण विमानतळाजवळच्या साखर कारखान्याच्या उंच चिमणीचा वाद इथे वर्षानुवर्षे गाजला. उतरताना विमान जमिनीच्या जवळ आणि कमी वेगात असते, त्यामुळे त्या टप्प्यात उंच अडथळा असला की चुकीला जागाच उरत नाही. ती चिमणी 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली, आणि गोव्याला जाणारे पहिले नियमित विमान त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी, 9 जून 2025 रोजी, इथून उडाले.