कालमापनाची एकके आणि सोलापूरची वेळ

दिवसाचे लहान भाग पाडून वेळ मोजण्याच्या दोन पद्धती महाराष्ट्रात आजही शेजारी शेजारी नांदतात. घड्याळाची तास-मिनिटांची एक आणि पंचांगाची घटका-पळांची दुसरी. दुसरीचे सोलापूरशी नाते जवळचे आहे. नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेले आणि महाराष्ट्रात घरोघरी पाहिले जाणारे दाते पंचांग याच शहरातून निघते.

एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत एक अहोरात्र. त्याच्या ६० घटका, घटकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. घड्याळाच्या भाषेत घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदाचे. दोन घटकांचा एक मुहूर्त (४८ मिनिटे), साडेसात घटकांचा एक प्रहर (३ तास). घटका मोजायला घटिकापात्र असे. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका भरली. एखाद्याची ‘घटका भरली’ म्हणताना आपण याच वाटीबद्दल बोलत असतो, हे आता सहसा ध्यानात येत नाही. सोलापुरात कानावर पडणाऱ्या तेलुगूतली ‘घडिय’ आणि कन्नडमधली ‘गळिगे’ ही याच घटिकेची भावंडे. ‘घड्याळ’ही त्याच घराण्यातले.

रूपांतराचे गणित सोपे आहे. अडीच घटकांचा एक तास होतो, म्हणून तासांच्या घटका करायला अडीचने गुणावे. जुन्या शाळांत पावकी-निमकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अडीचकीही पाठ करून घेत, त्यामुळे हे काम तोंडीच होई. आठ तासांची पाळी म्हणजे अडीचकीने वीस घटका. उलट जायचे तर घटकांची दुप्पट करून पाचाने भागावे.

खरी गोम आहे ती मोजणी कुठून सुरू होते यात. घटका मध्यरात्रीपासून नव्हे, त्या त्या गावच्या सूर्योदयापासून मोजतात. समजा मार्चमध्ये मुंबईचा सूर्योदय ६ वाजून ४५ मिनिटांनी आहे आणि तिथी २३ घटका १५ पळांना संपते. २३.२५ घटका म्हणजे ९ तास १८ मिनिटे; ते सूर्योदयात मिळवले की दुपारचे ४ वाजून ३ मिनिटे. सोलापुरात त्या सुमारास सूर्य साधारण १२ मिनिटे, म्हणजे अर्धी घटका आधी उगवतो. म्हणून तोच क्षण इथे २३ घटका ४५ पळांवर येतो. तिथी दोन्हीकडे एकाच वेळी संपली, आकडे मात्र वेगळे. परगावच्या घटका जशाच्या तशा उचलल्या की मुहूर्त चुकतो तो इथे.

घड्याळालाही गाव असते, फक्त ते दिसत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि सोलापूर ७५.९ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटे धरली तर सोलापूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २६ मिनिटे मागे पडते, घटकेहून दोन मिनिटे जास्त. त्यामुळे घड्याळात बारा वाजले तरी इथला सूर्य माथ्यावर आलेला नसतो. खरी माध्यान्ह ऋतूनुसार १२.१० ते १२.४० च्या दरम्यान होते. भारतीय ज्योतिषाची जुनी मध्यरेषा उज्जैनवरून जाते. सोलापूर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. फरक अर्ध्या मिनिटाचा, सुमारे सव्वा पळाचा.

१८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली आणि १८७० च्या दशकात ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापड गिरणी उभी राहिली. पुढे रेल्वेची वेळापत्रके मद्रासच्या वेळेवर चालत. ती ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे, तर मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. सोलापूरची स्वतःची वेळ दोघींच्या मध्ये, सुमारे ५ तास ४ मिनिटांवर. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. कामगारांच्या घरात घड्याळ असो-नसो, गिरणीचा भोंगा पाळी सांगे.

घटका ठरावीक लांबीची, दिवस मात्र नाही. सोलापूरचे दिनमान, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ, जूनअखेर सुमारे ३३ घटकांचे, डिसेंबरात पावणेअठ्ठावीस घटकांचे. राहुकाळ हा दिनमानाचा आठवा भाग. भिंतीवरच्या कॅलेंडरातला सरसकट दीड तास ही केवळ सरासरी.

मोठ्या एककांत सूर्य आणि चंद्र यांचा मेळ बसवावा लागतो. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून ११ दिवसांनी तोकडे. ही तूट अधिक मास भरून काढतो. जिल्ह्यातल्या पंढरपूरची आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती. मध्ये अधिक श्रावण आल्याने ती २०२४ मध्ये ३८४ दिवसांनी, १७ जुलैला आली. २०२५ मध्ये ३५४ दिवसांनी, ६ जुलैला. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांची गड्डा यात्रा मात्र मकरसंक्रांतीशी, म्हणजे सूर्याशी बांधलेली आहे, म्हणून तिच्या मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, म्हणजे नंदीध्वज, दरवर्षी जानेवारीच्या मध्यालाच निघतात.