वॉर्म-अप किती आणि कसा करावा : सभासदांसाठी माहितीपत्रक

आमच्या व्यायामशाळेत सायंकाळी येणारे अनेक सभासद थेट बेंच प्रेसकडे वळतात आणि विचारले असता, ‘मे महिन्यातल्या सोलापुरात अंग वेगळे कशाला तापवायचे?’ असा उलट प्रश्न करतात. प्रश्न गमतीचा असला तरी त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. पारा ४० अंशांपुढे गेला की शरीर थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते; ते स्नायूंकडे आणायचे असेल, तर त्या स्नायूंना काम द्यावे लागते. विश्रांतीत असताना हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी साधारण १५ ते २० टक्के रक्त स्नायूंना मिळते, तर जोरकस व्यायामात हाच वाटा ८० टक्क्यांच्या आसपास जातो. हा बदल एका झटक्यात होत नाही, म्हणून सुरुवातीची काही मिनिटे त्याच्यासाठी राखून ठेवावी लागतात.

प्रथम ५ ते १० मिनिटे भरभर चालावे किंवा सायकल चालवावी. वेग एवढाच असावा की घाम फुटू लागेल, पण शेजारच्याशी बोलताना धाप लागणार नाही. त्यानंतर खांदे, कंबर, खुबे आणि घोटे सर्व दिशांनी सावकाश फिरवावेत. तालमीत घडलेल्या मंडळींनी पाच-सहा संथ सूर्यनमस्कार आणि मोजक्या बैठका घातल्या तरी हे काम उत्तम होते. मात्र शंभर बैठका मारून मग वजनाला हात घालणे हा वॉर्म-अप नव्हे, तो स्वतंत्र व्यायाम झाला.

व्यायामाआधी स्नायू बराच वेळ ताणून धरलेच पाहिजेत, असा स्ट्रेचिंगबाबत मोठा गैरसमज आढळतो. एकच स्नायू मिनिटभराहून अधिक काळ ताणून धरल्यास त्याची ताकद काही वेळ किंचित कमी होते, त्यामुळे असे दीर्घ ताण व्यायाम संपल्यावरच द्यावेत.

वजन उचलणाऱ्यांनी त्याच व्यायामाची हलकी उजळणी करणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक गाळली जाते. ६० किलोंचा स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बसून उठणे) करायचा असल्यास आधी २० किलोंच्या रिकाम्या बारवर १० वेळा, मग ४० किलोंवर ५ वेळा आणि ५० किलोंवर २ वेळा बसून उठावे.

यंत्रमागावर दिवसभर उभे राहून आलेल्यांनी खुबे आणि पोटऱ्या मोकळ्या करण्यास, तर कार्यालयात बसून आलेल्यांनी पाठ व खांद्यांना अधिक वेळ द्यावा. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीतील पहाटेच्या बॅचला येणाऱ्यांनी एकूण वॉर्म-अप १५ मिनिटांपर्यंत वाढवावा. उन्हाळ्यात तो थोडा आटोपशीर चालेल, परंतु पाणी पिऊनच सुरुवात करावी.

हृदयविकार, रक्तदाब किंवा जुनी दुखापत असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रशिक्षकांना आधी कल्पना द्यावी. वॉर्म-अप करताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर ताबडतोब थांबून जवळच्या प्रशिक्षकास हाक मारावी.