एक गाडी, दोन हेल्मेट: ऑटोक्रॉस आणि ग्रिपच्या वेडामागची गोष्ट

मागच्या मे महिन्यात सकाळी साडेसहाला आम्ही दोघं नवरा-बायको जळगावजवळच्या एका जिनिंगच्या रिकाम्या पटांगणात उकिडवे बसून गाडीच्या टायरला खडूने पांढरे पट्टे मारत होतो, तेव्हा तिथले वॉचमन आप्पा बिडी विझवत जवळ आले आणि म्हणाले, "काय भो, आते गाड्यासना शंकरपट का?" बायको हसून हसून खालीच बसली. पण नंतर वाटलं, आप्पा बरोबरच बोलले की. बऱ्याच पटांत बैलांची जोडी सोडतात, घड्याळ चालू होतं, निकाल सेकंदावर लागतो. ऑटोक्रॉस पण तेच आहे. गाडी एकटी सुटते, शंकू लावून आखलेल्या वाकड्यातिकड्या रस्त्याने जाते, समोर दुसरी गाडी नाही, घासाघीस नाही, लढाई फक्त घड्याळाशी. स्पीड फार नसतो, बरेचदा सेकंड गियरच्या वर जायची वेळच येत नाही. म्हणून इंजिनापेक्षा टायर जमिनीला किती धरून राहतो यावर सगळा खेळ. ही ग्रिपची भानगड आणि एका गाडीत दोघं ही भानगड, दोन्ही आल्या कुठून ते जरा सविस्तर सांगतो, कारण लोकांना वाटतं हे रील बघून सुरू झालेलं खूळ आहे.

मुळात अशा खेळाला जगात अनेक ठिकाणी जिमखाना म्हणतात, जपानमध्ये तर सर्रास. आणि हा शब्द आपल्याकडचा! हॉब्सन-जॉब्सन या जुन्या अँग्लो-इंडियन कोशात त्याचा पहिला माग १८६१ सालच्या रुरकीचा दिलाय आणि तो गेंदखान्यावरून आला असावा असं म्हटलंय. आधी खेळायची जागा एवढाच अर्थ, मग तिथे होणारे घोड्यांचे खेळ, खांबांमधून नागमोडी काढायचे, पिंपाला वळसा घालून परत यायचं वगैरे, त्यालाच जिमखाना म्हणायला लागले. साहेब लोक शब्द घेऊन घरी गेले, मोटारी आल्यावर घोड्याच्या जागी मोटार घातली. सारंगखेड्याच्या यात्रेला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी गेलं की हे डोळ्याने दिसतं, घोडा घेणारा माणूस नुसतं पळणं बघत नाही, त्याला वळवून बघतो, रेवाल चाल बघतो, थांबतो कसा ते बघतो. सरळ पळायला काय, कोणीही पळतं.

आता ऑटोक्रॉस हा शब्द. इथे एक घोळ आहे आणि नवीन पोरं त्यात हमखास फसतात. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हणजे गवतावर नाहीतर पीक काढलेल्या शेतात, मातीत. महायुद्धानंतर, आणि १९६० च्या दशकात तर जोरात, क्लबवाले एखाद्या शेतकऱ्याचं रान एका दिवसासाठी घ्यायचे, कडेने खुणा लावायच्या आणि घरच्याच गाड्या पळवायच्या. १९५९ मध्ये मिनी आली, छोटी, स्वस्त, चारही चाकं अगदी कोपऱ्यात, ती या खेळासाठीच जन्मली होती म्हणा. पुढे फेब्रुवारी १९६७ मध्ये लिडन हिलला टीव्हीसाठी म्हणून रॅलीक्रॉस सुरू झालं ते याचंच भावंड.

अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे पार्किंगच्या डांबरावर रबरी शंकू. तिथला मोठा क्लब एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९४४ चा. युद्धानंतर छोट्या स्पोर्ट्स गाड्यांचं वेड आलं, लोक गावातल्या रस्त्यांवर शर्यती लावायला लागले, १९५२ ला वॉटकिन्स ग्लेनला शर्यतीत सात वर्षांचं एक पोरगं गेलं. त्यानंतर सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत नकोशी झाली आणि गाड्या हवाई दलाच्या धावपट्ट्यांवर, बंदिस्त ट्रॅकवर गेल्या. ज्याच्याकडे शर्यतीची वेगळी गाडी नाही त्याच्यासाठी उरलं पार्किंग आणि शंकू. १९७३ पासून त्यांची राष्ट्रीय स्पर्धा होते, हजाराच्या वर लोक येतात, एक शंकू पाडला की वेळेत दोन सेकंद धरतात. हे दोन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण पहिल्या दहा जणांत कधीकधी एक सेकंदाचा पण फरक नसतो. अलीकडे ही स्पर्धा नेब्रास्कातल्या लिंकनला जुन्या एअरफील्डच्या काँक्रीटवर होते. आमचं काँक्रीट जिनिंगचं, कपाशीच्या गाड्या रिकाम्या करायला घातलेलं, हंगाम संपला की ओस. मालक ओळखीचे, अट एकच, ऑइल सांडलं तर धुवून द्यायचं.

भारतात पण सुरुवात धावपट्टीवरच. मुंबईत जुहूला शर्यती व्हायच्या, मद्रासजवळ शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी होती, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. पण तेव्हा हा खेळ राजेरजवाड्यांचा, गिरणीमालकांचा. सामान्य माणसाकडे असलीच तर ॲम्बेसेडर नाहीतर फियाट, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबून मिळालेली गाडी कोण मातीत फिरवेल? बाप जीव घेईल. खरा बदल झाला डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हा. ७९६ सीसी, पुढची चाकं ओढणारी, हलकी. मग १९८५ ला जिप्सी, १९९३ ला झेन, त्याच्या मागोमाग एस्टीम. सेकंड हँड मारुती हातात यायला लागली तशी मातीतली ऑटोक्रॉस गावोगावी पोचली. आपल्याकडे ब्रिटिश अर्थ चालतो, म्हणजे माती. एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांची संघटना, तिच्या परवानगीने होतात त्यात सीसीप्रमाणे क्लास, बऱ्याच ठिकाणी बायकांचा वेगळा क्लास. आमच्या खानदेशच्या लोकांना जवळचं म्हणजे नाशिक, तिथे रॅली व्हायच्या, धुळ्याहून पोरं मुंबई-आग्रा रोडने पहाटे निघायची नुसती बघायला. मी पण त्यातलाच. डबा वरणबट्टीचा.

काळ्या मातीचं मात्र एक आहे, ती या खेळाची नाही. पावसात चाकाला अशी चिकटते की टायर गोल न राहता लाडू होतो, उन्हाळ्यात भेगा. आमच्याकडे मुरूम टाकलेले एनए लेआउट भरपूर, प्लॉट विकले न गेलेले, मालकाला विचारून तिथे शंकू लावायचे. पब्लिक रोडवर हे करायचं नाही, कन्नड घाटात तर नाहीच नाही, तिथे गाडी नीट काढणंच आधी अवघड असतं.

आता दोघांचं. एका गाडीत नवरा-बायको हे कोणी आधुनिक म्हणून कौतुक करतं, कोणी नावं ठेवतं. अहो, मोटारीचा पहिला लांबचा प्रवासच बाईने केलाय. ऑगस्ट १८८८, बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन मॅनहाइमहून फॉर्झहाइमला गेली, शंभर किलोमीटरच्या वर. गाडी नवऱ्याने, कार्लने, बनवली पण पैसा तिच्या हुंड्याचा लागलेला. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे उतारावर लाकडी ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ग्रिप कमी पडतेय हे तिने चालवताना ओळखलं आणि तिथेच इलाज केला. चढाला पोरांना ढकलावं लागलं, म्हणून नंतर गाडीला आणखी एक गियर बसला. याला आम्ही सेटअप म्हणतो.

त्याच सुमाराला, १८८७-८८ मध्ये, बेलफास्टमधल्या एका गुरांच्या डॉक्टरने, जॉन बॉइड डनलॉपने, पोराच्या तीनचाकीला हवेचा टायर लावला. रॉबर्ट थॉमसनने १८४५ लाच तसलं पेटंट घेतलं होतं पण ते चाललं नाही. आमच्या आजोबांच्या बैलगाडीला लोखंडी धाव होती, लोहार ती तापवून लाल करून चाकावर चढवायचा आणि वरून पाणी टाकायचा, तो चर्रर्र आवाज माझ्या वडिलांना अजून आठवतो. मग टायरगाडी आली. गुरांच्या डॉक्टरचा शोध फिरून बैलांच्याच कामी आला.

रॅलीत बघा. पॅट मॉस, शर्यतवाल्या स्टर्लिंग मॉसची बहीण, तिने १९६० ला ॲन विझडमबरोबर लिएज-रोम-लिएज ही भयंकर रॅली जिंकली, पुरुषांसकट सगळ्यांत पहिली, आणि १९६२ ला ट्यूलिप रॅली मिनी कूपरने. १९६३ ला तिने एरिक कार्लसनशी लग्न केलं. हा साब या स्वीडिश गाडीचा ड्रायव्हर, ब्रिटनची आरएसी रॅली १९६० ते ६२ सलग तीनदा आणि मोंते कार्लो रॅली १९६२ आणि ६३ ला जिंकलेला. त्याची साब छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाची, पुढच्या चाकांची. ॲक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेक मारायचा, म्हणजे इंजिनाचा जोर पडत नाही, वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होऊन फिरतो. आज स्विफ्ट घेऊन मातीत उतरणारं प्रत्येक पोरगं तेच शिकायला धडपडतं आणि पहिल्या दिवशी डावा पाय क्लचच्या सवयीने दाबून स्वतःचं कपाळ स्टिअरिंगवर आपटतं. मी आपटलंय.

शिवाय साधं कारण पैशाचं. घरात गाडी एक, टायरचा सेट एक. अमेरिकेत पण एकाच गाडीत दोन ड्रायव्हर ही जुनी रीत आहे, एक उतरतो, दुसरा बसतो, मधल्या वेळात टायर गार करायला पाणी मारतात.

ग्रिपचं शास्त्र मी थोडक्यात माझ्या भाषेत सांगतो. टायरवर वजन दुप्पट केलं तर पकड वाढते पण दुप्पट होत नाही. बाजार समितीतले चार हमाल धरा, चौघांनी एकेक पोतं उचललं तर काम नीट होतं, दोघांवर दोन दोन टाकली तर तेही नेतात पण पाय लडबडतात. वळणावर गाडी झुकते, बाहेरच्या दोन चाकांवर भार जातो आणि एकूण पकड कमी होते. सस्पेन्शनचा सगळा खटाटोप हा भार कुठून कुठे, किती, कधी जातो त्याचा. दुसरं म्हणजे रबर जमिनीवर सपाट बसलं पाहिजे. मिशेलिनने १९४६ ला रेडियलचं पेटंट घेतलं तो टप्पा त्यासाठीच मोठा, रेडियलची बाजू वाकते पण पट्टा जमिनीला धरून राहतो, जुन्या क्रॉस-प्लायमध्ये बाजू वाकली की पट्टाही उचलला जायचा. आपल्याकडे रेडियल १९७७ पासून बनायला लागले तरी बरीच वर्षं गावातले लोक, याची हवा कमी दिसते म्हणून भरून भरून दगड करायचे. अजून करतात.

तर खडूचे पट्टे त्यासाठी. टायरच्या खांद्यावरून, म्हणजे जमिनीला टेकणारा पट्टा संपतो त्या कडेवरून, बाजूकडे रेघ मारायची, एक चक्कर मारायची आणि खडू कुठपर्यंत पुसला ते बघायचं. बाजूवर खाली पर्यंत पुसला तर हवा कमी, खांद्यापर्यंत पण पोचला नाही तर जास्त. खर्च दोन रुपये. आमची २००८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, १.३ लिटर. त्या दिवशी पुढची हवा ३४ पीएसआयवर सुरू केली, खडू खांद्याच्या अलीकडेच थांबला, ३१ वर आणलं तर बरोबर कडेला. मग अकरा वाजले, ऊन ४३ च्या पुढे, काँक्रीट तव्यासारखं, आणि हवा आपोआप वर चढली, कारण दर पाच-सहा अंशाला साधारण १ पीएसआय वाढतो. भुसावळ-जळगावच्या उन्हात पुण्यातल्या माणसाने सांगितलेले आकडे चालत नाहीत हे आम्हाला असं कळलं. त्याआधी एका दुकानदाराने रुंद आणि जड मॅगव्हील गळ्यात मारली होती, ग्रिप वाढेल म्हणून, गाडी बैलासारखी जड झाली आणि चाक आतून फेंडरला घासायला लागलं. विकली, नुकसान सोसलं. त्या पैशात चांगले टायर आले असते. इंजिनला हात लावायच्या आधी टायर, ब्रेक पॅड, शॉकॲब्सॉर्बर, अलाइनमेंट, या क्रमाने जा असं मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण आधी सायलेन्सरच बदलतो.

मागची हवा मुद्दाम पुढच्यापेक्षा जास्त ठेवायची, हे पुढच्या चाकांच्या गाडीचं जुनं औषध, मागची पकड थोडी सुटते आणि गाडी वळणात नाक आत घालते. इथे आमचं भांडण होतं. मला मागचं सुटलेलं आवडतं, तिला नाही. ती म्हणते, "तुम्हाला धूळ उडवायची असते, मला टायमिंग काढायचं असतं." माझं वजन ८४, तिचं ५२, म्हणजे उजव्या बाजूला बत्तीस किलोचा फरक, तर एकच सेटअप दोघांना चालणार कसा. म्हणून आता डॅशबोर्डमध्ये एक शंभर पानी वही असते, पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे तिचे आकडे, उजवीकडे माझे. त्या दिवशीचं पान उघडून बघितलं आत्ता. डावीकडे पुढे ३१, मागे ३३, ४१.८ सेकंद. उजवीकडे पुढे ३१, मागे ३८, ४२.६, आणि त्याखाली तिच्याच अक्षरात: दोन शंकू.