पाचवी मिती आक्रसते तेव्हा

१९१९ साली कोनिग्सबर्गच्या थिओडोर कालुझा यांनी आइन्स्टाइनना पत्रातून एक धाडसी कल्पना कळवली. लांबी, रुंदी, उंची यांच्या जोडीला अवकाशाला आणखी एक दिशा आहे असं धरलं, तर गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांतूनच विद्युतचुंबकत्वाची समीकरणं निघतात. काळ धरून ही पाचवी मिती. मग ती दिसत का नाही? ऑस्कर क्लाइन यांनी १९२६ मध्ये सांगितलं, की ती अणूपेक्षा कितीतरी लहान वर्तुळात गुंडाळलेली आहे. पण ती गुंडाळली गेली कशी?

१९८० मध्ये अ‍ॅलन चोडोस आणि स्टीव्हन डेटवायलर यांनी याचं उत्तर विश्वाच्या इतिहासातच शोधलं, आणि मला ते फार सुंदर वाटतं. पदार्थ नसलेल्या पंचमितीय विश्वासाठी त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं सोडवली. त्यांच्या उत्तरात काळ चौपट झाला की आपल्या तीन दिशांमधली अंतरं दुप्पट होतात आणि चौथ्या दिशेतलं अंतर निम्मं होतं. आकडेमोड करून पाहा: तीन दिशांमुळे घनफळ आठपट, त्याचं निम्मं चौपट. म्हणजे एकूण घनफळ काळाच्याच प्रमाणात वाढतं. सुरुवातीला चारही दिशा सारख्या असल्या, तरी पुढे तीन अफाट होतात आणि एक नजरेआड जाते. वेगळी काही युक्ती लावावी लागत नाही.

अडचण पुढे आहे. या उत्तरात आक्रसणं थांबतच नाही. कालुझा-क्लाइन सिद्धांतात विद्युतभाराचं मूल्य त्या वर्तुळाच्या आकारावर ठरतं. वर्तुळ बदललं तर अणूंचं वागणंही बदलायला हवं. गॅबनमधल्या ओक्लोच्या युरेनियम साठ्यात सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. तिथल्या समेरियमच्या समस्थानिकांचं प्रमाण सांगतं, की विद्युतबल तेव्हाही जवळजवळ आजच्याइतकंच होतं. तेव्हा हे आक्रसणं फार पूर्वीच थांबलं असलं पाहिजे.

ते थांबवणार कोण? इथे पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) येते. निर्वात पोकळीतही पुंजक्षेत्रांची ऊर्जा असते, आणि बंद वर्तुळात ती वर्तुळाच्या परिघावर अवलंबून असते. थॉमस अ‍ॅपलक्विस्ट आणि चोडोस यांनी १९८३ मध्ये हिशेब केला, तर या ऊर्जेतून येणारं बल पाचव्या मितीला आणखीच आत ओढतं असं निघालं! प्लांक लांबीपाशी, म्हणजे जिथे गुरुत्वाकर्षणालाही पुंजनियम लावावे लागतात अशा अतिसूक्ष्म अंतरापाशी, पोचल्यावर हा हिशेबच भरवशाचा राहत नाही.

रॉबर्ट ब्रँडनबर्गर आणि कुमरून वाफा यांनी १९८९ मध्ये प्रश्न उलटा केला: कणांना सूक्ष्म तंतू मानणाऱ्या तंतुसिद्धांताप्रमाणे (स्ट्रिंग थिअरी) अवकाशाच्या नऊ मिती असतील, तर तीनच का वाढल्या? त्यांच्या मते मितींभोवती वेढे घातलेल्या तंतूंनी त्यांना आवळून धरलं होतं. वेढे सुटायचे तर तंतू एकमेकांना भेटायला हवेत. प्रत्येक तंतू काळाच्या ओघात दोन मितींचा पृष्ठभाग रेखतो. असे दोन पृष्ठभाग सहजगत्या भेटतात ते फार तर चार मितींच्या अवकाशकाळात. म्हणजे अवकाशाच्या तीन मिती मोकळ्या झाल्या, बाकीच्या बांधलेल्या राहिल्या. हा युक्तिवाद अजून पुरता सिद्ध नाही, पण तीन हा आकडा गृहीत न धरता त्याचं कारण शोधणारे प्रयत्न थोडेच आहेत, आणि त्यांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.