‘शिकत असेपर्यंत व्याज नाही’? चढतं की!

शैक्षणिक कर्ज काढताना नातेवाईक हमखास सांगतात, ‘नोकरी लागेपर्यंत व्याज नसतं रे, बिनधास्त घे.’ अर्धवट खरं. शिक्षण आणि त्यानंतर साधारण एक वर्ष सूट मिळते ती हप्त्याला. व्याज पहिला चेक कॉलेजला गेला त्या दिवसापासून चालू.

इंजिनिअरिंगला दरवर्षी सुरुवातीला एक लाख उचलले, दर 10 टक्के धरा. सरळव्याज पहिल्या वर्षी 10 हजार, मग 20, 30, 40. सुटीच्या वर्षाचे आणखी 40. पहिला हप्ता येईतो चार लाखांचे 5 लाख 40 हजार झालेले असतात, आणि हप्ता बसतो या आकड्यावर! म्हणून जमेल तसं व्याज महिन्याच्या महिन्याला भरत राहा. काही बँका त्यासाठी दरात सवलतही देतात.

गैरसमज आला बहुधा केंद्राच्या व्याज-अनुदान योजनेतून. तिथे हे व्याज खरंच सरकार भरतं, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत हवं, अभ्यासक्रम आणि कॉलेजही निकषात बसायला हवं. तेव्हा आधी उत्पन्नाचा दाखला काढा, मग बँकेत जा.