लेन्स कुठे फिरवायची, हे सेन्सरला कसं कळतं?

शटरचं बटण अर्धं दाबल्यावर चित्र स्पष्ट होतं, पुन्हा किंचित धूसर होतं आणि मग स्थिरावतं? म्हणजे कॅमेरा कॉन्ट्रास्टवर, म्हणजे उजेड-सावलीतल्या फरकावर, फोकस शोधतोय. चित्र किती स्पष्ट आहे, एवढंच त्याला मोजता येतं. योग्य जागा मागे पडली, हे ती ओलांडल्यावरच कळतं.

फेज डिटेक्शन या दुसऱ्या पद्धतीला दिशा आणि अंतर एकदमच कळतं. सेन्सरवरच्या काही पिक्सेलचा डावा अर्धा भाग झाकलेला असतो, काहींचा उजवा. त्यामुळे एका गटाला लेन्सच्या एका बाजूचाच प्रकाश मिळतो, दुसऱ्याला दुसऱ्या बाजूचा. फोकस अचूक असेल तर दोन्ही गटांचे उजेड-सावलीचे आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात. नसेल तर सरकतात. कोणत्या बाजूला सरकले त्यावरून मोटरची दिशा ठरते, किती सरकले त्यावरून फिरवण्याचं माप.

फुजीफिल्मने 2010 मध्ये छोट्या कॅमेऱ्यात हे आणलं. अर्धे झाकलेले पिक्सेल चित्रासाठी अपुरे पडतात, तिथली माहिती शेजाऱ्यांवरून भरून काढावी लागते. कॅननच्या 70डी कॅमेऱ्याने 2013 मध्ये ही तडजोड टाळली: प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन फोटोडायोड (प्रकाश टिपणारे भाग). फोकससाठी वेगळे वाचायचे, चित्रासाठी बेरीज. माझ्या मते खरी उडी हीच.

तरी आडव्या पट्ट्यांचा शर्ट समोर आला की अडचण होते. पिक्सेल डावे-उजवे विभागलेले, म्हणून आलेखही आडवेच सरकतात. आडवी रेघ स्वतःच्याच लांबीवर सरकली तर फरक दिसणार कसा? अशा वेळी कॅमेरा 45 अंश तिरका करा, फोकस घ्या, बटण अर्धं दाबूनच ठेवा आणि कॅमेरा सरळ करून फोटो काढा. ओएम-1 या कॅमेऱ्यात (2022) एका सूक्ष्म भिंगाखाली चार फोटोडायोड असल्याने उभ्या-आडव्या दोन्ही रेघा पकडता येतात.

लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान असलं तरी गोची होते. एफ/16 ला, म्हणजे छिद्र बरंच लहान असताना, प्रकाश लेन्सच्या मधूनच येतो. दोन्ही बाजूंच्या नजरेत फारसं अंतर उरत नाही आणि आलेखांचं सरकणं नॉइजमध्ये (सिग्नलमधल्या खरखरीत) बुडतं. बरेच कॅमेरे फोकसपुरतं छिद्र उघडतात, काही मात्र ठरवलेल्या एफ-क्रमांकालाच फोकस करतात. तुमचा दुसऱ्या प्रकारचा असेल आणि उजेड कमी असेल, तर छिद्र उघडून फोकस घ्या, मॅन्युअलवर टाका, मग छिद्र लहान करा. काही लेन्समध्ये छिद्र बदलताच फोकसही थोडा सरकतो, म्हणून शेवटी चित्र मोठं करून बघाच.

समोरून कडक उजेड आला तर फोकस-पिक्सेलच्या ओळींतून समांतर पट्टे उमटू शकतात, सावल्या उजळल्यावर जास्तच. लेन्सला हूड लावा किंवा कोन थोडा बदला. फोटो काढून झाल्यावर ते पट्टे पुसणं जिकिरीचं असतं.