मिसळीतली तर्री आणि रिपोर्टमधलं एलडीएल

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की पहिली नजर टोटल कोलेस्टेरॉलवर जाते आणि पहिला उपाय सुचतो तो सकाळी अनशापोटी लसणाच्या पाकळ्या, नाहीतर कोमट पाण्यात लिंबू-मध. लसणाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडंसं उतरू शकतं, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो रोज कच्चा खाऊ नये. लिंबू-मधाकडून काही अपेक्षा ठेवू नका. टोटलच्या आकड्यात चांगलं एचडीएलही मिसळलेलं असतं, म्हणून पाहायचे ते एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी. हे दोन आकडे वेगवेगळ्या कारणांनी चढतात, त्यामुळे त्यांचे उपायही वेगळे.

आधी एलडीएल. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं आणि रक्तातलं एलडीएल उचलून परत आत घेण्याचं कामही मुख्यतः तेच करतं. त्यासाठी पेशींवर रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडणारे रेणू, असतात. ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते शोधले आणि 1985 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) जास्त झाली की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. म्हणून बहुतेकांच्या बाबतीत अंड्यातल्या बलकापेक्षा साय, तूप, लोणी आणि पामतेल यांचा हिशेब आधी करावा लागतो. पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, तुपात 60 टक्क्यांहून अधिक, शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा आणि करडई-सूर्यफुलात दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

एलडीएल वाढलेल्या माणसाने दिवसाला 2000 कॅलरी धरल्या, तर संपृक्त चरबी 13 ते 15 ग्रॅमच्या आत ठेवावी. चहाचा एक चमचा तूप म्हणजे 3 ग्रॅम. वरणभातावर तेवढं तूप घेतलं तर काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो दुधात. म्हशीच्या सायीच्या दुधाचा 250 मिलीचा ग्लास म्हणजे सुमारे 10 ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मुभेतला मोठा वाटा एका ग्लासात संपला. टोन्ड दूध घेतलं की हा आकडा निम्म्याच्याही खाली येतो. घरातलं तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरवायचं. बाटली कितव्या तारखेला संपली ते लिहून ठेवलं की खरा वापर कळतो.

आता मिसळ. नाशिकमध्ये तिच्याशिवाय रविवार होत नाही, आणि ती सोडायचीही गरज नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ हे कोलेस्टेरॉलसाठी उत्तम अन्न आहे. त्रास होतो तो वर तरंगणाऱ्या तर्रीचा आणि बऱ्याचदा पामतेलात तळलेल्या फरसाणाचा. उसळ दुप्पट घ्या, रस्सा तळातून वाढायला सांगा, फरसाण मूठभराऐवजी चिमूटभर आणि वर भरपूर कांदा. पाव एकच. सोबतची जिलबी मात्र ट्रायग्लिसराइड्सच्या खात्यात जाते.

विरघळणारा तंतू हा एलडीएलवरचा दुसरा खात्रीचा उपाय. तो आतड्यात पित्ताम्लांना (चरबी पचवणाऱ्या पित्तातल्या आम्लांना) धरून बाहेर नेतो. नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. रोज 10 ग्रॅम इसबगोलाने एलडीएल साधारण 5 ते 7 टक्के उतरतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करा, नाहीतर पोट फुगतं आणि लोक चौथ्या दिवशी डबा बंद करतात. पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. कमी पाण्यात घेतलं तर ते अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं, म्हणून गिळायला त्रास असणाऱ्यांनी टाळावं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. जव, ओट्स, राजमा, पेरू यांतही हा तंतू आहे. जवसाची चटणी रोज दोन चमचे चांगली, पण जवस भाजून दळलेलंच हवं. अख्खं बी बरंचसं तसंच बाहेर पडतं. दळलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच करावं.

ट्रायग्लिसराइड्स वाढतात त्या साखर, मैदा, साबुदाणा, दारू आणि पोटाच्या घेराने. उपवासाची साबुदाणा खिचडी या आकड्याला मुळीच उपवास घडू देत नाही. त्या जागी वरई घेतली तरी वाटी मोजूनच. द्राक्षांच्या हंगामात घरी पेटी येते, पण 100 ग्रॅम द्राक्षांत 16 ग्रॅमच्या आसपास साखर असते. एक छोटी वाटी पुरे. वाइन हृदयाला चांगली म्हणून सुरू करू नये. कृषीनगरच्या ट्रॅकवर असो वा गोदाकाठी, आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालल्याने आणि पाच-सात टक्के वजन उतरल्याने ट्रायग्लिसराइड्स चांगल्या खाली येतात. एलडीएलवर चालण्याचा परिणाम तुलनेने कमी. तंबाखू आणि मिश्री सोडणं या सगळ्याच्या आधी.

हे सगळं नेटाने केलं तर एलडीएल 10 ते 15 टक्के उतरेल अशी अपेक्षा ठेवावी. 160 चं 138 होईल; 210 चं 100 होणार नाही. एलडीएल 190 किंवा अधिक असेल तर कारण आनुवंशिक असू शकतं आणि औषध बहुधा लागतंच. अशा घरात मुलांचीही तपासणी करून घ्यावी. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर पथ्य गोळीसोबत करायचं, गोळीऐवजी नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलमध्ये मोनॅकोलिन के असतं, म्हणजे लोव्हास्टॅटिन हेच कोलेस्टेरॉलवरचं औषध, फक्त मात्रा बेभरवशाची. स्टॅटिनसोबत (कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीसोबत) ती कॅप्सूल घेणं धोक्याचं.

पुन्हा तपासणी आठ ते बारा आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, 10 ते 12 तास उपाशी राहून. ताप येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा. एवढं करूनही एलडीएल हललं नसेल, तर पथ्य आणखी कडक करण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉइड मंद असलं की एलडीएल उतरत नाही, आणि त्यावर उपचार सुरू झाले की पुष्कळदा ते बरंच खाली येतं.